विठू घरतचा आतला बांध

विठू घरत कुणाच्याही घरी गेला तरी बसत नाही. खांदा कॉलनीतल्या निम्म्या घरांत त्याच्यासाठी कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून ठेवतात आणि ती रिकामीच राहते. मशीन चालू व्हायला दीड मिनिट घेतं. तेवढ्यात हा गडी बाल्कनीपर्यंत तीनदा जाऊन येतो, कुंडीतला कढीपत्ता तोडून चघळतो, वाळत घातलेल्या चादरीखालून वाकून आपली स्कूटर जागेवर आहे का बघतो, आणि परत येऊन उभ्याउभ्याच माऊस धरतो. वय चौपन्न. पाठीला पोक यायला लागलंय ते वयामुळे नाही, या उभ्याने वाकण्यामुळे. त्याची बायको शोभा म्हणते, "हा माणूस मेला तरी तिरडीवर उठून दोन फेऱ्या मारून येईल."

हे त्याने बापाकडून घेतलं. बाप हसुराम चिरनेरच्या खाली, खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीचा राखणदार होता. भरतीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध घातलेला असायचा आणि त्या बांधावर फिरणं एवढंच हसुरामचं काम. खेकडा भोक पाडतो, भोकातून पाणी झिरपतं, आणि एका भरतीत सगळी शेती मिठाची होते. म्हणून हसुराम फिरायचा. घरी जेवायला बसला तरी त्याचे पाय पाटावर हलत असायचे. पुढे ती जमीन गेली, तिथे भराव पडला, आता कंटेनर एकावर एक रचलेले असतात. बांध गेला, बापही गेला, पण पाय हलायची सवय पोराकडे राहिली.

विठू पनवेलला आला, टायपिंग शिकला, मग टीव्ही दुरुस्ती, मग कॉम्प्युटर. नवीन पनवेलला त्याचं दुकान होतं तेव्हा बाहेर स्वतः रंगवलेली पाटी होती: 'घरत कॉम्प्युटर्स. एकदा बसवलेलं हलत नाही.' दुकान गेलं. पाटी त्याने घरी खाटेखाली ठेवली आहे.

त्या पाटीवरची ओळच एका शुक्रवारी त्याच्या गळ्याशी आली.

फोन आला साडेबाराला, अरुंधती फणसेंचा. बाई खांदा कॉलनीतच तिसऱ्या मजल्यावर राहतात. नवरा अविनाश तीन वर्षांपूर्वी वारला, मुलगा विश्वजीत बंगळूरला. बेलापूरच्या एका ऑफिसात एकोणीस वर्षं जहाजाने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तयार करायच्या. ऑफिस चेन्नईला हललं आणि अरुंधतीबाई इथेच राहिल्या. अकरा महिने झाले.

"विठूभाऊ, जेवलात?"

"जेवतंव. बोला वहिनी."

"जेवू नका. म्हणजे जेवा, पण लगेच या. चार वाजता माझी ट्रायल आहे. नवी कंपनी, घरून काम. त्यांचं सॉफ्टवेअर टाकतेय तर ते म्हणतंय, तुमच्या मशीनवर आधीच एक फायरवॉल आहे, ती पूर्ण काढा. आणि ती निघत नाहीये."

"कंची फायरवॉल?"

"तुम्हीच बसवलेली. किल्लेदार."

विठूने ताटातला भात तसाच सोडला.

किल्लेदार. हे सॉफ्टवेअर एका काळी त्याने कॉलनीत घरोघर बसवलं होतं. बाहेरून काही आत शिरू द्यायचं नाही, आतून नको तिथे जाऊ द्यायचं नाही, असं त्याचं काम. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. मदत करायला कुणी नाही, फोन लावायला नंबर नाही. उरलं ते फक्त लोकांच्या मशीनमध्ये.

जिना चढताना त्याला ते वर्षही आठवलं. विश्वजीत दहावीला होता. दिवसभर गेम. आईने हात जोडून सांगितलं होतं, "असं काही बसवा, की ह्या कार्ट्याला काढता येणार नाही." आणि विठूने छाती पुढे काढून सांगितलं होतं, "वहिनी, आमी बसवलेला त्याच्या मास्तरला पण निघायचा नाय."

दार उघडंच होतं. अरुंधतीबाईंनी ट्रायलसाठी इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि खाली घरातली जुनी सलवार, कारण कॅमेऱ्यात वरचंच दिसणार. हातात हेडफोनची वायर. त्या ती बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"बारा सत्तावन्न," त्या म्हणाल्या. "चार म्हणजे चारला. त्यांची ट्रेनर बघणार मी काम कसं करते ते. आज लॉगिन झालं नाही तर दुसरी एक बाई आहे म्हणाले त्यांच्या यादीत. विठूभाऊ, ती दुसरी बाई बत्तीस वर्षांची असणार, मला माहितीये."

"कुणाचा लॅपटॉप आणू का?"

"नाही चालत. त्यांनी ह्याच मशीनचा नंबर नोंदवून घेतलाय. दोन आठवडे लागले त्याला."

"मंग सगळा पुसून नवीन विंडोज टाकली तर?"

"नोंदणी परत करावी लागेल. विचारलं मी. तुम्ही फक्त ते एक काढा हो!"

विठूने आतल्या खोलीत जाऊन वाकून माऊस धरला. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, किल्लेदारची छोटी लाल ढाल होती. दहा वर्षांत तिचा रंगही उडाला नव्हता. त्याने काढून टाकायची सूचना दिली. चौकट आली: पासवर्ड.

"पासवर्ड तुमच्याकडे दिलेला, वहिनी. चिठ्ठीवर लिहून."

"आहे ना." देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या डबीखालून त्यांनी चिठ्ठी काढली. ती पिवळी पडली होती, पण अक्षर विठूचंच. त्याने टाकला. चुकीचा. परत टाकला, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. चुकीचा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांच्या डोक्यात एकच नाव आलं.

"विश्या," आई म्हणाली.

विश्वजीत मीटिंगमध्ये होता. आईने तीनदा फोन लावला, चौथ्यांदा त्याने उचलला. "आई, काय झालं? बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. किल्लेदारचा पासवर्ड काय ठेवलास तू?"

पलीकडून असं हसू आलं की फोन कानापासून लांब धरावा लागला. "दहावीतली चिठ्ठी मी अकरावीत पाहिली, आई. देवाच्या डबीखाली ठेवलीस! मी देवपूजा करायला लागलो तेव्हा तुला संशय नाही आला?"

"मला वाटलं सुधारलास. पासवर्ड सांग."

"विठूकाका आहेत तिकडे? स्पीकरवर टाक. काका, रागवायचं नाही हं. पासवर्ड आहे, 'विठूकाका हरले'. सगळं जोडून, इंग्रजी अक्षरांत."

विठूने टाइप केला. बोटं जरा कडक झाली होती. चौकट नाहीशी झाली, हिरवी पट्टी सरकली आणि 'काढून टाकले' असं आलं.

"तुझा पासवर्ड हरला," विठू फोनकडे तोंड करून म्हणाला. "आमी नाय."

"काका, रिस्टार्ट करून बघा," विश्वजीत म्हणाला. आवाजात हसू होतं, पण थोडं वेगळं. "मी पण एवढ्यापर्यंत पोचलो होतो. मग ते परत यायचं. शेवटी मी नाद सोडला, नुसता पासवर्ड बदलला, म्हटलं मला नाही तर कुणालाच नाही." आणि त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून त्याने फोन ठेवला.

मशीन बंद झालं, चालू झालं. विठू बाल्कनीत जाऊन आला. कोपरा स्वच्छ होता. अरुंधतीबाईंनी हात जोडायला उचलले आणि तेवढ्यात, घड्याळाशेजारी, लाल ढाल अलगद उगवली.

एक चाळीस.

"हे काय?"

"राहिला असेल काय तरी तुकडा." विठू म्हणाला. त्याने मशीन सेफ मोडमध्ये चालू केलं. त्यात विंडोज फक्त जरुरीपुरतं जागं होतं आणि बाकीची सॉफ्टवेअर झोपलेली राहतात. झोपेत असतानाच त्याने किल्लेदारचं सगळं फोल्डर उचलून पुसलं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नाव शोधशोधून नोंदी उडवल्या. घामाचा थेंब कीबोर्डवर पडला, तो शर्टाच्या बाहीने टिपला. नोंदी छत्तीस निघाल्या. प्रत्येकीला तो शिवी देत होता, पण बाई उभ्या म्हणून अर्धीच.

रिस्टार्ट. बाल्कनी. कढीपत्ता. परत.

लाल ढाल.

दोन पस्तीस.

आता विठूचे पाय सुटले. हॉलच्या दारापासून देव्हाऱ्यापर्यंत, देव्हाऱ्यापासून बाल्कनीपर्यंत, परत दारापर्यंत. मध्येच आतल्या खोलीच्या दाराशी थांबून स्क्रीनकडे बघायचा, ढाल आहे का. असायचीच. अरुंधतीबाई त्याच वाटेवर उलट्या दिशेने फिरत होत्या, त्यामुळे सोफ्याजवळ दोघे दर फेरीला समोरासमोर यायचे आणि एकमेकांना वाट द्यायचे. फोन वाजला. कंपनीतून मेसेज होता. त्यांनी मोठ्याने वाचला, "प्लीज बी रेडी बाय थ्री फॉर्टी फाइव्ह." फोन उताणा ठेवला, उचलला, पालथा ठेवला.

"विठूभाऊ, तुम्ही जरा एका जागी बसाल का हो! मला गरगरायला लागलंय."

"बसलो की डोकं बंद पडतं आमचं."

"आणि फिरून काय चाललंय?"

विठू सोफ्याच्या हातावर टेकला, म्हणजे एक पाय जमिनीवर आणि एक हलता. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हे आपण बसवलंय. आपल्याच हाताने. दुसऱ्या कुणी बसवलेलं असतं तर म्हटलं असतं, कसलं बेकार काम करून ठेवलंय. आता कुणाला म्हणायचं? आणि दहा वर्षांत इतक्या घरांत इतकं काही बसवलं, की कुठे काय केलं ते आठवत नाही. तेव्हा कान तिखट होते, डोळे चांगले होते, आणि मस्ती होती. मस्तीत केलेलं काम कुणी लिहून ठेवत नाही.

"तेव्हा तुम्ही किती खुशीत होता," अरुंधतीबाई म्हणाल्या. राग नव्हता, दमल्या होत्या. "हे बसवून झालं तेव्हा. इथेच उभे होता, चहा घेत. अविनाश म्हणाला, पोराने काढलं तर? तर तुम्ही गावाकडची काहीतरी गोष्ट सांगितलीत. बांधाची. मला अर्धी कळली नाही."

"काय सांगितली?"

"असंच. बाहेरचा फुटला तरी आतला हाय. असं काहीतरी."

विठूचा हलता पाय थांबला.

खाऱ्या जमिनीला एकच बांध कुणी घालत नाही. एक खाडीकडून, मोठा, सगळ्यांना दिसणारा. आणि त्याच्या आत, शेताला लागून, दुसरा, बुटका, गवतात लपलेला. मोठा खचला तर लोक तिकडे धावतात, माती टाकतात, आणि तोवर आतला बांध पाणी धरून ठेवतो. हसुरामने पोराला शिकवलं होतं ते हेच. बाहेरच्यावर सगळे फिरतात, तू आतल्यावर फिर.

आणि पोराने ते शिकलेलं इथे लावलं होतं. या पांढऱ्या डब्यात. विश्वजीत हुशार आहे, काढणार, हे त्याला तेव्हाच माहीत होतं. म्हणून किल्लेदारची एक अख्खी नक्कल त्याने दुसरीकडे दडवली होती आणि तिच्यावर एक राखणदार बसवला होता: मशीन चालू झालं की नव्वद सेकंदांनी बघ, बाहेरचा जागेवर हाय का. नसला तर उभा कर.

"वहिनी," विठू म्हणाला, "मी दोन तास बाहेरच्या बांधावर माती खणतोय."

"म्हणजे?"

पण तो आधीच आत जाऊन मशीनवर वाकला होता. विंडोजमध्ये ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची एक यादी असते. ती त्याने उघडली. इंग्रजी नावांची लांबलचक रांग. चष्मा कपाळावरून नाकावर आला. अपडेट, बॅकअप, घड्याळ, परत अपडेट. बोट स्क्रीनवर ठेवून एकेक ओळ. आणि खालून पाचव्या ओळीवर, इंग्रजी अक्षरांत, बापाचं नाव.

हसुराम.

आपण हे नाव दिलं होतं, हेसुद्धा तो विसरला होता. नाव उघडलं. पत्ता निघाला प्रिंटरच्या फोल्डरचा. त्याच्या आत आणखी एक फोल्डर, त्याच्या आत किल्लेदारची नक्कल, दहा वर्षं धूळ न लागता. कुठला पोरगा गेम खेळायला प्रिंटरच्या घरात शिरणार?

"सापडलं?"

"सापडला."

"मग काढा ना! तीन वाजून दहा झाले."

विठूने बाण त्या नावावर नेला आणि बोट मात्र दाबेना. खाडीवर त्या बांधाची आता एक मुठीएवढी माती उरलेली नाही. नकाशात नाही, सातबाऱ्यावर नाही. कंटेनरच्या ढिगाखाली कुठे कोण फिरत होतं ते सांगायला माणूस नाही. आणि इथे, तिसऱ्या मजल्यावर, फणसेंच्या घरात, म्हातारा दहा वर्षं रोज मशीन चालू झालं की उठून फेरी मारत होता. एकदाही चुकला नव्हता. आज दोनदा पोराने भगदाड पाडलं, दोनदा त्याने बुजवलं.

"विठूभाऊ?"

"हां हां." मग स्क्रीनकडे बघत, हळूच, "चल आबा, घरी. पाणी उतरला."

त्याने दाबलं. मशीनने विचारलं, नक्की? त्याने परत दाबलं.

मग हात चालले. नक्कल पुसली. सेफ मोड. मोठा किल्लेदार मुळापासून काढला, रजिस्ट्रीतल्या नोंदी पुन्हा चाळल्या, या खेपेला प्रिंटरच्या नावाखाली दडलेल्या आणखी चार नोंदीही. रिस्टार्ट. तो बाल्कनीत गेला नाही. उभा राहून मोजत राहिला. साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. शंभर. कोपरा मोकळा.

अरुंधतीबाईंनी खुर्चीवर उडी घेतल्यासारखं बसून कंपनीचं सॉफ्टवेअर चालू केलं. ते म्हणालं, इंटरनेट नाही.

"नाही म्हणजे? आत्तापर्यंत होतं! विठूभाऊ, तुम्ही काय तोडलंत?"

तीन पंचवीस. खाली कुणीतरी भंगारवाल्याशी हुज्जत घालत होतं आणि त्याचा शब्द न् शब्द वर ऐकू येत होता.

राऊटरचे दिवे हिरवे. वायर घट्ट. विठूने ती काढून फुंकर मारली आणि परत खोचली, उगीच, हाताला काहीतरी हवं म्हणून. मग नेटवर्क कार्डाची माहिती उघडली. कार्डाला चिकटलेल्या गोष्टींची एक छोटी यादी असते, प्रत्येकीसमोर टिक. तिथे तळाशी किल्लेदारची गाळणी अजून टिकसकट बसलेली. मालक मेला, घर पडलं, पण दारावर त्याची फळी तशीच आडवी.

"उघाडीची फळी राहिली," तो पुटपुटला.

"मराठीत सांगा!"

"मराठीच हाय ही वहिनी. बांधात पाणी बाहेर सोडायला लाकडी झडप असते, उघाडी. बांध काढला, पण झडप तोंडात अडकली. आता ना पाणी आत, ना बाहेर." बोलता बोलता त्याने ती ओळ निवडली, काढून टाकली, काळ्या खिडकीत दोन आज्ञा टाइप करून नेटवर्क मुळापासून नव्याने मांडलं. "अजून एक रिस्टार्ट."

"अजून?"

"शेवटचा."

"मघाशीपण शेवटचाच होता!"

त्या दीड मिनिटात अरुंधतीबाईंनी केस परत विंचरले, टिकली सरळ केली, तोंडाने काहीतरी म्हटलं, ते स्तोत्र होतं का कंपनीचा पासवर्ड हे कळायला मार्ग नव्हता. विठूने कुंडीतला राहिलेला कढीपत्ताही संपवला.

तीन बेचाळीस. इंटरनेट आलं. कोपरा मोकळा. कंपनीचं सॉफ्टवेअर पुढे सरकलं, पन्नास टक्के, सत्तर टक्के, एका जागी इतका वेळ अडून राहिलं की दोघांनी श्वास रोखला, आणि मग पूर्ण झालं. तीन त्रेपन्नला निळा पडदा आला आणि पडद्यावर एक मुलगी, हसतमुख.

"अरुंधती, आर यू देअर?"

अरुंधतीबाईंनी मागे न बघता डाव्या हाताने विठूला खूण केली, बाहेर, आणि उजव्या हाताने हेडफोन चढवला. "येस. आय ॲम हिअर."

विठूने दार हळूच ओढून घेतलं. पिशवीत पेचकस, ब्रश, फडकं भरलं. जायला हरकत नव्हती. पण तो हॉलमध्येच राहिला. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत, देव्हाऱ्यापासून बाल्कनीपर्यंत, चप्पल हातात घेऊन, आवाज नको म्हणून. आतून बाईंचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग सरळ, मग एकदा चक्क ट्रेनरची चूक दाखवणारा. "नो नो, दॅट कोड इज फॉर ड्राय कार्गो." विठू तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा चालू लागला.

मध्येच त्याचा फोन थरथरला. विश्वजीत.

"काका, निघालं?"

"निघाला," विठू कुजबुजला. "आई आत हाय. काम करते."

"कुठे होता हो दुसरा? मी अख्खी दिवाळीची सुट्टी शोधत होतो."

"प्रिंटरच्या घरात. माझा बाप बसवलेला."

"काय?"

"तू ये गणपतीत, सांगतंव."

पाचला दार उघडलं. अरुंधतीबाई बाहेर आल्या. हेडफोनचा वळ गालावर उमटला होता. "सोमवारपासून," त्या म्हणाल्या, आणि सोफ्यावर बसल्या त्या एकदम सगळी ताकद गेल्यासारख्या. मग त्यांनी विठूकडे बघितलं. हातात चप्पल, खांद्याला पिशवी. "तुम्ही अजून इथे? जेवला नसाल! बसा, पोहे टाकते."

"टाका. पण आधी मशीन एकदा बंद करून चालू करतंव."

"का? चाललंय ना?"

"सोमवारी सकाळी तुमी चालू करणार, तवा मी इथे नसणार."

त्याने बंद केलं, चालू केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी खुर्चीत बसला, कारण पाय आता खरंच दुखत होते. डोळे घड्याळाशेजारच्या कोपऱ्यावर. ओठ हलत होते. सत्तर. ऐंशी. नव्वद. काही उगवलं नाही. त्याने परत एकपासून सुरुवात केली.

स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि मागोमाग अरुंधतीबाईंची हाक. "विठूभाऊ, कढीपत्ता सगळा तुम्हीच खाल्लात का?"